पर्स सांभाळणारी

मुलं लहान असताना मे महिन्यात गोराईचं एस्सेलवर्ल्ड ठरलेलं. बोटीतून जायचं, सगळ्यांनी राइड्समध्ये बसायचं आणि मी? मी खाली, पर्स, चपला अन् पाण्याच्या बाटल्या सांभाळत! 'तुला चक्कर येईल गं,' असं सगळे म्हणायचे. मलाही ते पटायचं.

1989 मध्ये सुरू झालेलं ते पार्क 2022 मध्ये बंद झालं. परवा खोपोलीजवळच्या इमॅजिकाला गेलो, तर लेकीने माझी पर्स सरळ लॉकरमध्ये टाकली. "आई, आज तू बसायचंस." वय पंचावन्न, पण बीपी, पाठ, मान ठणठणीत. मग सबब कुठली सांगणार?

'नायट्रो' रोलरकोस्टर साखळीने हळूहळू चढते, साधारण 40 मीटर. पायाखाली तळच नाही, पाय अधांतरी! तिथून सुटते ती ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे. पोटात हा एवढा गोळा! डब्याला इंजिन नसतंच म्हणे, चढलेली उंचीच त्याला पुढे पळवते. मी ओरडले, अगदी पोटभर. घरात इतक्या वर्षांत कधी एवढा आवाज चढवला नव्हता. उतरले तेव्हा पाय लटपटत होते आणि मी हसत होते.

मैत्रिणींनो, तब्येतीचं कारण असेल तर जरूर खाली थांबा. पण पर्ससाठी नको. त्यासाठी लॉकर असतो!