‘कूलिंग जॅकेट’ घातलं की भरदुपारी काम सुरू ठेवायचं? आधी हे वाचा

जपानमध्ये उन्हाळ्यात रस्त्याच्या किंवा बांधकामाच्या कामावर फुग्यासारखी फुगलेली जॅकेटं घातलेले कामगार सर्रास दिसतात. कमरेजवळ मागच्या बाजूला दोन छोटे पंखे, खिशात बॅटरी. सोनी कंपनीतले माजी अभियंते हिरोशी इचिगाया यांनी हा प्रकार रुजवला; त्यांची कंपनी २००४ मध्ये सुरू झाली. आता अशी जॅकेटं भारतातही ऑनलाइन मिळतात. पण आपल्या उन्हात ती चालतील का?

हे काम कसं करतं?

हे जॅकेट हवा थंड करत नाही. पंखे बाहेरची हवा आत ओढतात, ती अंगावरून फिरते आणि घाम लवकर वाळतो. गारवा त्या वाळण्याचा. एक लिटर घाम अंगावर वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. माठातलं पाणी गार होतं, तेच गणित.

म्हणून गाव बदललं की गणितही बदलतं. मे महिन्यात चंद्रपूरची हवा कोरडी, घाम झटकन वाळतो. पण त्वचा साधारण ३५ अंशांवर असते आणि बाहेर ४५ अंश. म्हणजे पंखा झळही आत घेतो. कामगाराला पुरेसं पाणी मिळालं नाही, घाम आटला, की तेच जॅकेट भट्टी होतं. दमट मुंबईत पंख्याची हवा थोडी उपयोगी पडते, पण पाण्यात भिजवून घालायचं स्वस्त जॅकेट जवळपास निरुपयोगी. बर्फाच्या पिशव्यांचं जॅकेट दोन्हीकडे चालतं. मात्र ते जड असतं आणि बर्फ काही वेळात वितळतो. साइटवर प्यायच्या पाण्याची मारामार, तिथे फ्रीझर कुठून आणणार?

डोक्यावरही परिणाम

उष्णतेचा विचार आपण घाम आणि चक्कर इथपर्यंतच करतो. २०१६ च्या उष्णतेच्या लाटेत बोस्टनमधल्या ४४ विद्यार्थ्यांची रोज सकाळी चाचणी घेण्यात आली. एसी नसलेल्या वसतिगृहातल्या मुलांना एका चाचणीत उत्तर द्यायला सुमारे १३ टक्के जास्त वेळ लागला. ही तरुण, धडधाकट, खोलीत राहणारी मुलं होती. परातीवर उभा राहून सळई बांधणाऱ्याचं किंवा क्रेन चालवणाऱ्याचं काय होत असेल? तिथे क्षणाचा उशीर म्हणजे अपघात. शिवाय आपलं डोकं मंदावलंय, हे त्या माणसाला स्वतःला कळेलच असं नाही.

त्यामुळे जॅकेटला विरोध करण्याचं कारण नाही, ते मिळायलाच हवं. आणि त्याचे पैसे ठेकेदाराने द्यावेत, रोजंदारीतून कापू नयेत. भीती वेगळीच आहे. ‘जॅकेट दिलंय ना, मग सुट्टी कशाला?’ असं म्हणून दुपारची विश्रांतीच काढून घेतली जाईल. अंगाला बरं वाटणं आणि शरीराच्या आतलं तापमान उतरणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ज्या देशात ही जॅकेटं इतकी रुळली, त्या जपानलाही ती पुरेशी वाटली नाहीत. १ जून २०२५ पासून तिथे ३१ अंशांच्या वर सलग तासाभराहून जास्त किंवा दिवसात चार तासांहून जास्त काम असेल, तर उष्माघाताची लक्षणं कुणाला कळवायची, कामगाराला कामातून बाजूला कसं घ्यायचं, अंग कसं थंड करायचं, दवाखान्यात कसं न्यायचं, हे मालकाने आधीच ठरवून कामगारांना सांगणं बंधनकारक आहे. न केल्यास सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास किंवा पाच लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. नागपुरात ३१ अंश तर मार्चमध्येच ओलांडले जातात.