ढगातले फोटो, जमिनीवरचे पाणी

उदगीरला आम्ही निकाहाचे फोटो मोबाईलवरून 'क्लाउड'मध्ये ठेवतो. ते ढगात नसतात. कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये, अखंड चालणाऱ्या हजारो संगणकांत असतात. आपल्या राज्यात अशी केंद्रे नवी मुंबईत ऐरोली, महापे भागात आहेत. तापलेले संगणक थंड ठेवायला अनेक ठिकाणी पाण्याची वाफ करतात. पाणी वाचवावे, तर वीज जास्त लागते. आयर्लंडमध्ये २०२३ साली देशातली २१ टक्के वीज डेटा सेंटरांनीच वापरली. विजेलाही पाणी लागतेच. २०१५ मध्ये पाण्याअभावी परळीचे औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावे लागले. पुढच्याच वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले.

२००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत डेटा सेंटरचा वेगळा प्रकार नाही. वीस हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामांना लागणाऱ्या मंजुरीतच ते येते. म्हणून उद्या असा प्रकल्प मराठवाड्यात आला, तर नोकऱ्या किती हे विचारताना आम्ही ग्रामसभेत, नगर परिषदेत आणखीही विचारू: पाणी रोज किती? कुठून? शहराचे सांडपाणी शुद्ध करून वापरणार का? उन्हाळ्यात आधी कोणाला? बहिणींनो, हंडे भरून ठेवणाऱ्यांनीच हे प्रश्न आधी विचारावेत.