धन, ऋण आणि आपला पोकळ अभिमान

१/७ ‘ऋण संख्या जगात सर्वप्रथम आम्हीच शोधल्या’ हे वाक्य दर गणित दिनी मोठ्या दिमाखात फिरते. ते असत्य आहे. धन-ऋण बेरजेचे नियम चीनमधील ‘गणितकलेचे नऊ अध्याय’ या ग्रंथात ब्रह्मगुप्ताच्या कित्येक शतके आधी आढळतात. तेथे लाल काड्या धनाच्या, काळ्या ऋणाच्या असत.

२/७ मग आपला वारसा कोणता? ६२८ साली ब्रह्मगुप्ताने ‘ब्राह्मस्फुटसिद्धांता’त शून्यासह मांडलेली सुसंगत व्यवस्था. दोन धनांची बेरीज धन, दोन ऋणांची ऋण. धन आणि ऋण एकत्र आले तर त्यांतील फरक, आणि दोन्ही समान असतील तर शून्य. धन म्हणजे गाठीचे, ऋण म्हणजे देणे. अर्थ नावातच आहे.

३/७ हा अर्थ किती मोलाचा, हे इंग्लंडकडे पाहिल्यावर कळते. तेथे १७५८ साली फ्रान्सिस मॅसेरेस आणि १७९६ साली विल्यम फ्रेंड ऋण संख्यांच्या विरोधात ग्रंथ लिहीत होते. शून्याहून लहान राशी ही कल्पनाच त्यांना मान्य नव्हती.

४/७ भायखळ्याचे वस्तुसंग्रहालय आज ज्यांच्या नावाने ओळखले जाते, त्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख १८६५ साली प्रसिद्ध केला. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचे त्यात नोंदले आहे. लेखाच्या मराठी भागात बाजारातील मालावरचे उत्पन्न त्या मठाला दिल्याचा उल्लेख येतो. बीजगणिताची ही पाठशाळा बाजारापासून तुटलेली नव्हती.

५/७ आणि आज? गिरगाव-दादरच्या शिकवणी वर्गांत मुलांकडून ‘मायनस मायनस प्लस’ घोकून घेतले जाते. हा नियम गुणाकाराचा. मूल तो बेरजेला लावते आणि (−५) + (−३) चे उत्तर ८ लिहिते. वाण्याचे पाचशे आणि सावकाराचे तीनशे देणे असलेला लालबागचा गिरणी कामगार आपल्याकडे आठशे शिल्लक आहेत असे कधी म्हणाला असता का?

६/७ ‘नियम पाठ असला की परीक्षेत वेळ वाचतो’, असा बचाव केला जातो. वेळ वाचतो खरा, पण कोणता नियम कुठे लावायचा हे पाठांतर सांगत नाही. चूक वारंवार होते आणि बारा वर्षांचे मूल स्वतःलाच ‘गणितात ढ’ ठरवून मोकळे होते. सेमी-इंग्रजीत धन-ऋणाच्या जागी ‘पॉझिटिव्ह-निगेटिव्ह’ येते, तेव्हा अर्थाचा आधारही निसटतो.

७/७ म्हणून मित्रहो, ब्रह्मगुप्ताचे चित्र पुढे पाठवण्यापूर्वी घरातल्या सहावी-सातवीच्या मुलाला एवढेच विचारा : खिशात पाचशे आहेत, देणे आठशे आहे, तुझी स्थिती काय? ‘तीनशे देणे’ हे उत्तर त्याला नियमाविना सुचेल. चिन्हे त्यानंतर शिकवा. हे करण्याची तयारी नसेल, तर ६२८ सालावर हक्क सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही.