काटा खाली आला म्हणून खूश होऊ नका



मागच्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न एकच. "सर, धंद्याचे आकडे बघायला कुठलं ॲप घेऊ?" उत्तर देतो, पण त्याआधी तुम्हाला जरा लांब घेऊन जातो, अमेरिकेतल्या एका गॅरेजात.

तिकडे हौशी माणसं घरी विमान बांधतात. निम्म्याहून जास्त काम हौसेनं किंवा शिकण्यासाठी केलेलं असेल, तर सरकार त्याला 'प्रायोगिक' विमान म्हणून परवानगी देतं. (आपल्याकडे कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं होतं, आठवतंय ना? २०१६ च्या मेक इन इंडिया सप्ताहात ते बीकेसीत ठेवलं होतं.) या हौशी लोकांतले काही अवलिये विमानाचं तयार इंजिन घेतच नाहीत. माझदाच्या आरएक्स-७ मोटारीतलं १३बी रोटरी इंजिन आणतात आणि तेच बसवतात. त्यात पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही. ६५४ सीसीचे दोन तिकोनी रोटर गरगर फिरतात, बस्स. लहानसं इंजिन, पण ताकद भरपूर.

अडचण एवढीच, की हे इंजिन मोटारीसाठी बनलेलं. विमानात कुठला सेन्सर कुठे लावायचा, हे सांगणारं कंपनीचं पुस्तक नाही. ज्यानं बांधलं त्यानंच ठरवायचं. मला यात आपण सगळे दिसतो. आपल्या धंद्याचं पुस्तक तरी कुणी छापलंय?

माझं मत स्पष्ट आहे: मोठा रंगीत स्क्रीन आधी घेणारा माणूस चुकतो. स्क्रीन फक्त सेन्सरचं ऐकून बोलतो.

पाण्याचंच उदाहरण घ्या. या इंजिनाला गरम होणं अजिबात सहन होत नाही. एकदा जास्त तापलं की आतली पाण्याची सीलं जातात. म्हणून सगळे कूलंटचं तापमान दाखवणारा सेन्सर लावतात. बरोबरच आहे. पण समजा उडताना होज फुटला आणि पाणी निघून गेलं, तर काटा काय दाखवेल? वर जाईल असं वाटतं ना? कित्येकदा उलटंच होतं. सेन्सर पाण्याचं तापमान मोजायला बसवलेला, आणि त्याच्याभोवती आता पाणीच नाही. मोकळ्या हवेत तो इंजिनाची खरी उष्णता पकडत नाही, काटा खाली येतो. इंजिन भाजतंय आणि वैमानिक म्हणतोय, वा, आज गार आहे! गाडी असती तर बाजूला घेतली असती. आकाशात बाजू कुठे आहे?

जाणकार माणूस म्हणून दुसरा सेन्सर लावतो, कूलंटच्या दाबाचा. बंद सिस्टीममध्ये पाणी तापलं की दाब वाढलाच पाहिजे. तो अचानक पडला तर समजायचं, गळती आहे. तापमानाचा काटा काहीही सांगो, खाली उतरायचं.

हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पोटात गोळा आला होता, कारण माझ्या डब्याच्या धंद्यात हेच झालं होतं. सुरुवातीला दिवसाला सात-आठ तक्रारी यायच्या: पोळी कडक, भाजी तिखट. मी वहीत मोजायचो. चार महिन्यांनी तक्रारी एक-दोनवर आल्या आणि मी बायकोला पेढे आणले. तक्रार करणारे लोकच डबा बंद करून गेले होते, हे मला महिनाअखेरीस कळलं. नवीन गिऱ्हाईक येत होतं, त्यामुळे डब्यांचा आकडाही फारसा हलला नव्हता. तो धंदा मी पुढे वर्षभरात बंद केला.

ऑइलचंही असंच. रोटरला आतून गार ठेवतं ते ऑइल, जवळपास एक तृतीयांश उष्णता तेच वाहून नेतं. त्यामुळे इथे ऑइलचं तापमान पाण्याइतकंच महत्त्वाचं, आणि दाब तर हवाच. पण दाबाचा जड सेन्सर पितळी निपलवर थेट इंजिनाला लटकवला, तर थरथरून निपल तडकतो आणि सगळं ऑइल बाहेर. ज्यानं धोका सांगायचा, तोच धोका! म्हणून तो मागच्या भिंतीवर बसवतात आणि इंजिनापासून तिथपर्यंत होज नेतात. धुराचा प्रोबही पिस्टन इंजिनाचा चालत नाही, रोटरीचा धूर इतका गरम असतो की तो लवकर जळतो. आणि त्याच्या खास तारेला मध्येच साधी तांब्याची तार जोडली, की आकडा चुकलाच.

अर्थिंग कच्चं असेल तर लाइट लावला की काटे हलतात. इंजिनात काहीच बदललेलं नसतं. म्हणून बसवण्याआधी सेन्सर उकळत्या पाण्यात बुडवून बघायचा. समुद्रकिनारी १०० अंश, पुण्यात साधारण ९८ दाखवला पाहिजे. विमान तयार झाल्यावरही, असं मोटारीचं इंजिन असेल तर, सहसा पहिले किमान ४० तास ठरलेल्या भागातच चाचणीची उड्डाणं करावी लागतात. तेवढ्या वेळात कुठला काटा खोटं बोलतो, ते कळतं.

ॲप घ्या, माझी ना नाही. काही फुकटही मिळतात. पण आज रात्री आधी एक काम करा. गेल्या तीन महिन्यांत ज्यांनी ऑर्डर द्यायचं थांबवलं, त्यांची नावं वहीत लिहा. कमेंटमध्ये नको, वहीत. उद्या सकाळी त्यातल्या पहिल्या पाच जणांना फोन लावा. विकायला नाही, फक्त विचारायला.