झूल वेगळी, ऊब वेगळी

मार्गशीर्ष वद्य पक्षात नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट आणि बैल यांच्या बाजारासाठी ती दूरवर प्रसिद्ध आहे. कुत्रा हा खंडोबाचा सोबती मानला जातो, आणि यात्रेतील पशुप्रदर्शनात श्वानांनाही मानाचे स्थान असते. लांब पायांचे, खोल छातीचे, कमरेला एकदम बारीक होणारे कारवान आणि पश्मी कुत्रे तेथे पाहावयास मिळतात. यात्रेचे दिवस नेमके कडाक्याच्या थंडीचे असतात.

ही कुत्री पूर्वी मेंढ्यांचे कळप आणि शेताचे आखाडे राखीत. आता लातूर-नांदेडच्या अनेक व्यापारी घरांत गोदामाच्या राखणीला किंवा केवळ मायेपोटी कुत्रा असतो. थंडी सुरू होताच त्याच्यासाठी फ्लीसचा उबदार कोट घ्यावा का, हा प्रश्न घरातील मुले हमखास काढतात. दुकानांत रंगीबेरंगी कोट टांगलेले असतात, आणि पुष्कळदा खरेदी रंगावरून होते.

पोळ्याच्या दिवशी बैलाच्या पाठीवर चढणारी झूल ही शोभा असते. पौषाच्या पहाटे वासराच्या पाठीवर टाकलेले गोणपाट ही गरज असते. देवणी आणि लाल कंधारी जनावरे सांभाळणाऱ्या शेतकऱ्याला हा भेद समजावून सांगावा लागत नाही. कुत्र्याच्या कोटाची खरेदीही याच भेदापासून सुरू व्हावयास हवी.

गरज कोणाला?

निरोगी कुत्र्याच्या शरीराचे तापमान साधारणतः १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट, म्हणजे माणसापेक्षा सुमारे तीन अंशांनी अधिक असते. ही ऊब राखण्याचे काम त्याचे केस, त्वचेखालची चरबी आणि हालचाल मिळून करतात. पॉमेरेनियन, जर्मन शेफर्ड, लॅब्राडोर यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचा थर राठ असतो, तर आतला लोकरीसारखा दाट. निसर्गाने त्यांना कोट देऊनच पाठविले आहे. त्यावर फ्लीस चढविल्यास केस दबतात, त्यांच्या गुठळ्या होतात आणि मूळची ऊब उलट कमी होते.

कारवानची गोष्ट निराळी आहे. कर्नाटकातील मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासल्यामुळे हीच जात मुधोळ हाउंड या नावाने ओळखली जाते. २००५ साली भारतीय डाक खात्याने तिच्यावर तिकीटही काढले. वेगाने धावण्यासाठी घडलेल्या या शरीरावर चरबी नाममात्र असते आणि केस आखूड असतात. पश्मीच्या कानांवर, पायांवर व शेपटीवर रेशमी केसांची झालर असली, तरी पाठ आणि पोट फारसे झाकलेले नसते. इंग्लंडमध्ये याच घडणीच्या ग्रेहाउंडला हिवाळ्यात कोट घालणे ही नित्याची बाब आहे. आपल्याकडेही ऊब लागते ती प्रामुख्याने अशा सडपातळ, आखूड केसांच्या कुत्र्यांना, लहान पिलांना, वृद्ध व सांधे धरलेल्या कुत्र्यांना आणि आजारपणात किंवा शस्त्रक्रियेसाठी केस काढलेल्यांना.

लातूर बालाघाटच्या पठारावर वसले आहे आणि नांदेड गोदावरीच्या काठी. दोन्हीकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून खाली उतरतो. शेजारच्या परभणीत तर काही हिवाळ्यांत तो ५ अंशांखालीही गेलेला आहे. पारा ७-८ अंशांच्या खाली गेला की आखूड केसांच्या कुत्र्याकडे लक्ष द्यावे, असा ढोबळ नियम धरता येतो. परंतु खरा निर्णय कुत्र्याचे अंगच सांगते. तो थरथरत असेल, शेपटी पोटाशी घेऊन अंगाचे मुटकुळे करून बसत असेल, एकेक पाय उचलून धरीत असेल किंवा बाहेर जाण्यास नाखूष असेल, तर त्याला थंडी वाजते आहे. यांपैकी काहीच नसेल, तर कोटाचा खर्च वाचला असे समजावे.

कापडाची निवड

फ्लीस हे पॉलिएस्टरच्या धाग्यांपासून विणून, ब्रशने पिंजून फुगविलेले कापड आहे. १९७९ साली अमेरिकेतील माल्डन मिल्स या गिरणीने ते प्रथम तयार केले. गिरणीच्या मालकाने त्याचे पेटंट घेण्याचे टाळले, म्हणून ते जगभर कोणालाही करता आले आणि स्वस्तही झाले. आज पानिपतच्या ब्लँकेटांच्या रूपाने ते घरोघरी पोहोचले आहे. त्याच्या पिंजलेल्या धाग्यांत हवा अडकते, आणि अडकलेली हवा हीच खरी ऊब होय. वजनाला ते हलके असते, पाणी फार शोषीत नाही आणि लवकर वाळते. घोंगडीची ऊब मोठी असली, तरी ती जड आणि टोचरी असते. शिवाय लोकर व चामडे टाळणाऱ्या कुटुंबांनाही फ्लीस वापरण्यात अडचण येत नाही. पट्टे मात्र चामड्याचे नाहीत ना, हे पाहून घ्यावे. सुती पट्टी तेवढेच काम करते.

फ्लीसचे वजन प्रति चौरस मीटर ग्रॅममध्ये मोजतात. १०० ग्रॅमचे कापड हलके, २०० चे मध्यम आणि ३०० चे जाड. मराठवाड्याच्या थंडीला २०० ग्रॅमचे कापड पुरेसे आहे. फ्लीसचा एक दोष लक्षात ठेवावा. त्यातून वारा सहज आरपार जातो. शेतावर किंवा गच्चीवर राहणाऱ्या कुत्र्यासाठी वरून वारा अडविणाऱ्या पातळ कापडाचे अस्तर असलेला कोट घ्यावा. लोंबणारे गोंडे, मणी, साखळ्या आणि घंटा यांची गरज नाही. कुत्रा ते चावून गिळतो, आणि आतड्यात अडकलेले बटण शस्त्रक्रियेपर्यंत नेऊ शकते.

मापे तीन, टेप एक

तयार कोटावर लहान, मध्यम, मोठा असे लिहिलेले असते आणि बहुतेक वेळा ते पाठीच्या लांबीवरून ठरलेले असते. येथेच फसगत होते. लॅब्राडोर आणि कारवान यांची पाठ सारख्या लांबीची असू शकते. पण लॅब्राडोरचे धड पिंपासारखे सरळ असते, तर कारवानची छाती खोल आणि कंबर मुठीएवढी वाटावी अशी बारीक असते. लॅब्राडोरसाठी बेतलेला कोट कारवानच्या कमरेखाली लोंबतो, फिरत फिरत पोटाखाली येतो आणि धावताना पायांत अडकतो.

म्हणून शिंप्याची टेप हाती घेऊन तीन मापे लिहून काढावीत. कुत्रा चारही पायांवर सरळ उभा असताना मापे घ्यावीत, बसलेला असताना घेऊ नयेत. पहिले माप मानेचा घेर, म्हणजे जेथे गळपट्टा राहतो तेथील. दुसरे छातीचा घेर. हे पुढच्या पायांच्या लगेच मागे, छाती जेथे सर्वांत खोल असते तेथे घ्यावे. तिसरे पाठीची लांबी, मानेच्या मुळापासून शेपटीच्या मुळापर्यंत. या तिन्हींत छातीचा घेर सर्वांत महत्त्वाचा. तयार कोट घेताना तो आधी जुळवावा आणि मग लांबी पाहावी.

समजा, एका कारवानची मान १५ इंच, छाती २७ इंच आणि पाठ २५ इंच भरली. त्याच्या कोटाचा छातीचा घेर सुमारे २९ इंच असावा, म्हणजे श्वासाला आणि पळण्याला जागा राहते. पाठीची लांबी २३-२४ इंच ठेवावी, शेपटीच्या मुळाच्या थोडी अलीकडे. पोटाखालची पट्टी छातीपुरतीच असावी. ती मागे गेल्यास नर कुत्र्याच्या लघवीने भिजते. भिजलेला कोट अंगावर राहिला तर थंडी वाढते आणि कातडीला खाज सुटते. अशा बांध्याला तयार कोट मिळाला नाही, तर मीटरभर फ्लीस आणि ओळखीचा शिंपी यांत काम भागते. घरातील जुने फ्लीसचे ब्लँकेटही चालते. या कापडाच्या कडा उसवत नाहीत, त्यामुळे शिवणकाम सोपे होते.

कोट घातल्यावर मानेपाशी दोन बोटे सहज आत जावीत आणि छातीच्या पट्टीखाली पंजा सपाट सरकावा. त्याहून घट्ट कोट श्वास अडवितो, तर त्याहून सैल कोटात पाय अडकतो. मग कुत्र्याला चालवावे, बसवावे, दोन पायऱ्या चढवाव्यात. पावले आखडत असतील, तर कोट खांद्यावर किंवा पुढच्या पायांच्या बगलेत रुतत आहे. पहिल्या तासानंतर बगलेतील कातडी पाहावी. तेथे लाली दिसली, तर माप चुकले. डोक्यावरून ओढून घालण्याच्या स्वेटरपेक्षा पाठीवरून टाकून पोटाखाली बांधण्याचा कोट वृद्ध कुत्र्याला सोयीचा, कारण सांधे दुखणाऱ्या प्राण्याला पाय उचलून बाहीत घालणे क्लेशाचे होते. व्हेल्क्रोच्या आवाजाने काही कुत्री दचकतात. त्यांच्यासाठी टिचबटण किंवा सुती बंद बरे. पहिल्या दिवशी कोट नुसता हुंगू द्यावा, दुसऱ्या दिवशी पाच मिनिटे घालावा. घाई केल्यास कुत्रा कोट पाहताच पलंगाखाली जातो आणि पैसे वाया जातात.

काढण्याची वेळ

घालण्याइतकीच काढण्याची आठवण महत्त्वाची आहे, आणि मराठवाड्यात तर अधिकच. येथे पहाटे हुडहुडी भरते आणि त्याच दिवशी दुपारी उन्हात पारा २८-३० अंशांपर्यंत चढतो. माणूस घाम गाळून थंड होतो. कुत्र्याला घाम जवळजवळ पंजांपुरताच येतो. तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून अंगातील उष्णता घालवितो. कोटात अडकलेल्या कुत्र्याला बटण सोडता येत नाही. पहाटे पाचला कोट घालून दहाला सगळे दुकानाला गेले आणि कुत्रा गच्चीवर बांधलेला राहिला, तर थंडीपासून वाचविण्यासाठी केलेली व्यवस्थाच त्याच्या जिवावर उठते. आखूड नाकाच्या पगला हा धोका सर्वांत मोठा, कारण त्याचा श्वास मुळातच अपुरा असतो. कोट अंगावर असताना कुत्रा धापा टाकू लागला, तर घड्याळ न पाहता कोट काढावा. एरवी ऊन पसरताच तो काढून खुंटीला टांगावा, आणि हे काम घरातील एका व्यक्तीच्या नावावर लावून द्यावे. सर्वांचे काम ते कोणाचेच नसते, हा अनुभव प्रत्येक पेढीला आहे.

दुसरा धोका शेकोटीचा. फ्लीस आगीत वितळते आणि कातडीला चिकटते. शेकोटी किंवा हीटरजवळ कुत्रा येत असेल, तर फ्लीसऐवजी सुती गोधडीचे अंथरूण उत्तम. त्याच कारणाने कोटाला इस्त्री करू नये. थंड पाण्यात सौम्य साबणाने धुवावा, व्हेल्क्रो बंद करून धुवावा आणि सावलीत वाळवावा. गळपट्टा कोटाच्या आत दडपून ठेवू नये.

खर्चाचा हिशेबही असाच मांडावा. ६०० रुपयांचा कोट हिवाळ्यात ६० पहाटे वापरला, तर एका पहाटेचा खर्च १० रुपये पडतो आणि दुसऱ्या हिवाळ्यात तो निम्मा होतो. समारंभासाठी घेतलेला ३०० रुपयांचा चमकदार कोट दोनदा वापरला, तर एका वेळेला १५० रुपये. स्वस्त कोणता आणि महाग कोणता, हे सांगण्यास लेखापाल लागत नाही.

मोंढ्यातील मुके जीव

थंडीत मोंढ्यातील, गंजगोलाईतील भटकी कुत्री पाहून कोणाचेही मन कळवळते. त्यांना कोट घालण्याची कल्पना सहृदय आहे, पण ती हितकर नाही. पहाटे घातलेला कोट दुपारी काढणारे तेथे कोणी नसते. तो भिजतो, मळतो, आत गोचिडांना आसरा मिळतो, आणि तुटलेला पट्टा पायाला किंवा गळ्याला आवळत जातो. त्यांच्यासाठी उपाय सोपा आहे आणि तो प्रत्येक आडत दुकानात पडून असतो, रिकामा बारदाना. दुकानाच्या ओट्यावर, वाऱ्याला आडोसा असेल अशा कोपऱ्यात जमिनीवर पुठ्ठा आणि त्यावर दोन कोरडी पोती अंथरावीत. खत, कीटकनाशक किंवा धान्याचे औषध लागलेली पोती कटाक्षाने टाळावीत. ओली पोती बदलावीत. सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी एकदा खाली वाकून पाहावे, कारण उबेसाठी पिले चाकाशी येऊन निजतात.

थरथर थांबत नसेल, कुत्रा सुस्त पडून राहत असेल किंवा कान व पंजे गार पडले असतील, तर कोटावर विसंबू नये. कोरड्या कापडात गुंडाळून पशुवैद्याकडे न्यावे. लातूर जिल्ह्यात उदगीर येथे आणि परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत, आणि शासकीय पशुवैद्यकीय दवाखाने तालुक्याच्या ठिकाणीही आहेत.

या हिवाळ्यात कोट घ्यावयाचा झाल्यास बाजारात जाण्यापूर्वी तीन मापे एका चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवावीत, आणि दुपारी कोट कोण काढणार त्याचे नावही त्याच चिठ्ठीवर लिहावे. ते नाव लिहिता येत नसेल, तर कोटाऐवजी जाड गोधडी घ्यावी. गोधडीवरून कुत्र्याला स्वतःच उठून जाता येते.