दुहेरी नकाराची वाणी : पवनार १९४० आणि इराणी परागंदांचा चित्रपट

मराठी समीक्षेत युद्ध आणि वाङ्मय यांच्या संबंधाचा विचार प्रायः चित्रणाच्या अंगाने होत आला आहे. विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’ (१९३९) या कादंबरीत जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू प्रवासी भेटतात, बा. सी. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहात महायुद्धाच्या काळातील यंत्रग्रस्त, विदीर्ण मन प्रकटते. म्हणून या कृती युद्धाच्या संदर्भात अभ्यासल्या जातात. ते योग्यच आहे. परंतु युद्धाला केवळ चित्रणानेच उत्तर देता येते काय, हा प्रश्न त्यामुळे मागे पडतो. युद्धात सामील होण्यास नकार देणारी जी वाणी असते तिचे रूप कोणते, ती कोणाच्या आधाराने टिकते, तिचा अपहार केव्हा होतो, हे प्रश्नही वाङ्मयाचेच आहेत. त्यांचा विचार करण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. वर्ध्याजवळ धाम नदीच्या काठी असलेल्या पवनार या गावाने हे प्रश्न १९४० मध्येच उपस्थित केले आहेत.

१७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबा भावे यांनी पवनार येथे युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रहास प्रारंभ केला. गांधीजींनी पहिले सत्याग्रही म्हणून त्यांची निवड केली, तेव्हा देशातील पुष्कळांना हे नाव अपरिचित होते. विनोबांनी नंतरचे काही दिवस आसपासच्या गावांतही भाषणे केली. २१ ऑक्टोबरला त्यांना अटक झाली आणि तीन महिन्यांची शिक्षा झाली. पुढील काही महिन्यांत देशभर वीस हजारांहून अधिक सत्याग्रही तुरुंगात गेले. इतिहासग्रंथांतून हा प्रसंग स्वातंत्र्यलढ्यातील दोन मोठ्या आंदोलनांमधला एक सौम्य टप्पा म्हणून नोंदविला जातो. वाङ्मयाच्या अभ्यासकाने मात्र येथे थोडे थांबावयास हवे. कारण हा सत्याग्रह मुख्यतः उच्चाराचा होता. मीठ उचलावयाचे नव्हते, कर थांबवावयाचा नव्हता. ब्रिटिशांच्या युद्धप्रयत्नास माणसांचे वा पैशाचे साहाय्य करणे चूक आहे आणि युद्धमात्राचा प्रतिकार अहिंसेनेच केला पाहिजे, एवढाच त्या उच्चाराचा आशय होता. तो उच्चार हीच कृती होती आणि तोच गुन्हाही.

या उच्चारामागील पेच समजून घेतला पाहिजे. १९४० साली युरोपात नाझी सैन्य विजयी होत होते. इंग्रजांना साहाय्य नाकारणारा माणूस हिटलरचा पाठीराखा ठरण्याची भीती होती. साहाय्य देणारा माणूस साम्राज्याचा पाईक ठरणार होता. म्हणजेच दोहोंपैकी एका बाजूचा नकार दुसऱ्या बाजूचा होकार म्हणून वाचला जाण्याचा धोका होता. सत्याग्रहीला दोन्ही नकार एकाच वाक्यात उच्चारावयाचे होते. अशा वाणीस ‘दुहेरी नकाराची वाणी’ म्हणता येईल. ती बोलणे कठीण असतेच, पण बोललेल्या शब्दाचा अर्थ आपल्या हाती राखणे त्याहून कठीण असते.

पवनारच्या प्रयोगात त्यासाठी काही पथ्ये पाळलेली दिसतात. वाक्य लहान व ठरलेले होते. ते समूहाच्या गर्जनेतून येत नव्हते. एकेक व्यक्ती, शासनाला आगाऊ कळवून, स्वतःच्या नावाने ते उच्चारीत होती. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, बोलण्याचा हा अधिकार वक्तृत्वाने मिळत नव्हता. सूतकताई, खादी आणि विधायक कार्यक्रमाचे आचरण ही सत्याग्रहीच्या निवडीची अट होती. विनोबांनी पवनारला येण्यापूर्वी नालवाडीत कताईच्या मजुरीवर निर्वाह करून पाहिला होता. त्यांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच दत्तपूर येथे कुष्ठरुग्णांच्या सेवेचे काम उभारले होते. ‘युद्धास साहाय्य नको’ असे म्हणणाऱ्यांनी ‘मग साहाय्य कोणास?’ या प्रश्नाचे उत्तर आधीच रोजच्या श्रमातून दिलेले होते. एका बाजूचे साहाय्य नाकारण्याचे बळ दुसऱ्या, परस्परांच्या साहाय्यातून येत होते.

या वाणीच्या प्रसाराचा इतिहासही लक्षणीय आहे. विनोबांच्या सत्याग्रहाचा वृत्तान्त छापण्यावर सरकारने निर्बंध घातले, तेव्हा गांधीजींनी ‘हरिजन’ व त्याच्या भगिनी साप्ताहिकांचे प्रकाशनच स्थगित केले आणि प्रत्येकाने चालतेबोलते वर्तमानपत्र व्हावे, असे सुचविले. छापखाना थांबला, तेथे माणसे माध्यम झाली. मौखिक परंपरेचा गौरव मराठीच्या वर्गांतून नित्य होतो; पण विसाव्या शतकात सेन्सॉरशिपच्या काळात मौखिकता अशी जाणीवपूर्वक स्वीकारली गेली, याचा उल्लेख त्यात क्वचितच येतो.

हाच पेच आजच्या काळात कोणापुढे उभा असेल, तर तो इराणी परागंदा कलावंतांपुढे. मराठी वाचकाला इराणी चित्रपट अगदीच परका मानण्याचे कारण नाही. फारसी भाषेतील पहिला बोलपट ‘दुख्तरे लोर’ १९३३ साली मुंबईत, पुण्यात जन्मलेल्या अर्देशीर इराणी यांच्या इंपीरियल फिल्म कंपनीत तयार झाला. त्याची कथा अब्दुल हुसेन सेपंता यांची होती, आणि त्यात नायकाची भूमिकाही त्यांनीच केली. फारसी बोलपटाचा जन्मच मायदेशाबाहेर झाला, असे म्हणावे लागते. पुढे १९७९ ची क्रांती आणि १९८० ते १९८८ चे इराण-इराक युद्ध यांनी अनेक कलावंतांना देश सोडावयास लावला. त्यांना तेहरानची राजवट अमान्य असते, आणि आपल्या शहरांवर पडणारे बॉम्बही. जून २०२५ मध्ये इस्रायल व इराण यांच्यात बारा दिवसांचे युद्ध झाले, तेव्हा हा पेच पुन्हा तीव्र झाला. राजवटीविरुद्ध बोलावे, तर ते बोलणे बॉम्बफेकीचे समर्थन म्हणून वापरले जाणार. बॉम्बफेकीविरुद्ध बोलावे, तर ती राजवटीची भलामण ठरणार.

पॅरिसमध्ये राहणाऱ्या सेपिदे फारसी यांच्या कामाकडे या दृष्टीने पाहता येईल. त्यांनी १९८४ मध्ये इराण सोडले. २००९ मध्ये आलेला त्यांचा तेहरानवरील माहितीपट मोबाइल फोनच्या कॅमेऱ्यावर चित्रित केलेला होता. शीर्षकातच परवानगी नसल्याचा निर्देश होता. २०२३ च्या ‘सायरन’ या सचेतपटात १९८० मधील आबादानचा वेढा आहे. त्यातील चौदा वर्षांचा मुलगा शस्त्र उचलण्याऐवजी एक जुनी नाव हाती घेऊन आपल्या माणसांना शहराबाहेर काढू पाहतो. ज्या देशात दिग्दर्शिकेला परतता येत नाही, तेथील शहर रेखाटनातून उभे केले आहे. मार्जान सात्रापी यांनीही ‘पर्सेपोलिस’ (२००७) मध्ये युद्धकाळातील तेहरान काळ्यापांढऱ्या रेखाटनांतूनच उभे केले होते. २०२५ मध्ये फारसी यांचा ‘जीव तळहातावर ठेव आणि चाल’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा माहितीपट आला. गाझामध्ये प्रवेश न मिळाल्याने त्यांनी तेथील छायाचित्रकार फातिमा हसूना यांच्याशी फोनवर केलेली संभाषणे, फोनचा पडदाच चित्रित करून, नोंदविली. चित्रपटाची कान येथील एका विभागासाठी निवड जाहीर झाली आणि दुसऱ्याच दिवशी, १६ एप्रिल २०२५ रोजी, हसूना हवाई हल्ल्यात मारल्या गेल्या.

या तिन्ही कृतींतील प्रयोगशीलता शैलीच्या हौसेतून आलेली नाही. परवानगी नाही म्हणून मोबाइल, देश नाही म्हणून रेखाटन, प्रवेश नाही म्हणून फोनचा पडदा. अभावानेच येथे रूप घडविले आहे. शिवाय शेवटच्या चित्रपटात निर्मिती आणि साहाय्य यांच्यातील सीमारेषाच पुसट होते. पुन्हापुन्हा लावलेला फोन हे चित्रीकरण असते आणि वेढ्यातील एका तरुणीला दिलेली सोबतही. बोलणारी व्यक्ती स्वतःच्या शब्दांत, स्वतःची छायाचित्रे दाखवीत बोलते. दिग्दर्शिका तिच्या वतीने बोलत नाही. त्यामुळे त्या चेहऱ्याचे कोणत्याही पक्षाच्या प्रचारचित्रात रूपांतर करणे अवघड होते. पवनारच्या लहान वाक्याचे सामर्थ्य आणि या लहान पडद्याचे सामर्थ्य एकाच जातीचे आहे.

यावर एक रास्त आक्षेप संभवतो. कलाकृतीचे मूल्य तिच्या अंतर्गत लयीत व संघटनेत शोधावे, असे मर्ढेकरांपासून मराठी सौंदर्यविचार सांगत आला आहे. परस्परसाहाय्य हे नैतिक मूल्य असेल. ते वाङ्मयीन मूल्य कसे ठरते? याचे उत्तर असे की, ते कलामूल्याच्या जागी बसविण्याचा प्रश्नच नाही. युद्धकाळात शब्दाचा अर्थ कृतीच्या चौकटीत स्थिर राहत नाही. बाहेरचे सत्ताधीश तो ओढून नेऊ पाहतात. शब्द कोणत्या नात्यांतून आला व कोणत्या नात्यांतून वाहिला, हे न पाहता केवळ संहिता वाचली, तर संहितेचा अर्थही पूर्णपणे हाती लागत नाही.

याचा पुरावा खुद्द पवनारच देते, आणि तो सुखद नाही. विनोबा वर्षभराच्या मौनात होते, तेव्हा १९७५ साली आणीबाणी आली. त्यांचा ‘अनुशासन-पर्व’ हा शब्द शासनाने आणीबाणीच्या समर्थनार्थ देशभर मिरविला. अनुशासन आचार्यांचे असते, सत्ताधाऱ्यांचे ते शासन, असा खुलासा विनोबांनी पुढे केला. पण तोवर शब्द हातचा गेला होता. १९४० चे वाक्य वीस हजारांहून अधिक माणसांनी तुरुंगात जाऊन सांभाळले होते. १९७५ चा शब्द मौनातून एकटाच बाहेर पडला. त्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी आणीबाणीविरुद्ध निःसंदिग्ध भूमिका घेतली आणि पुढे तुरुंगवास पत्करला. पवनारचा मूळ वारसा त्या वर्षी कराडला अधिक जिवंत होता, असे म्हणणे विनोबांविषयी अनादराचे ठरू नये. १९७६ मध्ये विनोबांच्या उपोषणाची घोषणा छापणाऱ्या ‘मैत्री’ या पवनारच्याच मासिकाच्या प्रती पोलिसांनी जप्त केल्या. ज्या शासनाने एक शब्द मिरविला, त्यानेच दुसरा दडपला.

तरीही पवनारचे काम त्या एका शब्दावर संपत नाही. १९५० च्या प्रारंभी तेथे कांचनमुक्तीचा, म्हणजे पैशावाचून स्वतःच्या श्रमावर जगण्याचा, प्रयोग सुरू झाला. तेथूनच निघालेल्या पदयात्रेत १९५१ साली सशस्त्र संघर्षाने होरपळलेल्या तेलंगणात भूदानाचा उगम झाला. १९५९ मध्ये ब्रह्मविद्या मंदिर स्थापन झाले. तेथील भगिनींनी शेती, स्वयंपाक, सफाई आणि छपाई ही कामे सामूहिक साधनेचा भाग मानली व निर्णय सर्वसंमतीने घेण्याची रीत ठेवली. शब्द जुळविणारे हात आणि भाजी पिकविणारे हात तेथे वेगळे नव्हते. मराठी वाङ्मयव्यवहारात लेखक, मुद्रक, वाचक यांची जी पृथक् दालने आहेत, त्यांच्या संदर्भात हा प्रयोग विचारात घेण्याजोगा आहे.

पदव्युत्तर अभ्यासक्रमात विनोबांना सामान्यतः संतपरंपरेच्या वा तत्त्वचिंतनपर गद्याच्या दालनात ठेवले जाते. ‘स्वराज्यशास्त्र’ हे वैयक्तिक सत्याग्रहाच्या तुरुंगवासातून आणि ‘स्थितप्रज्ञदर्शन’ हे १९४४ मध्ये शिवनीच्या तुरुंगातील प्रवचनांतून सिद्ध झाले. म्हणजे ही दोन्ही दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील, युद्धास नकार देऊन बंदिवास पत्करलेल्या माणसाची पुस्तके आहेत. युद्धभूमीवरील संवादाचे विवरण करणारी ‘गीता-प्रवचने’ १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात बंदीजनांपुढे झाली आणि साने गुरुजींच्या लेखणीने ती टिकली. एकाचा उच्चार, दुसऱ्याचे लेखन आणि बंदीजनांचे श्रवण यांतून उभा राहिलेला तो ग्रंथ आहे. ही पुस्तके ‘रणांगण’ व ‘काही कविता’ यांच्या शेजारी ठेवून वाचली गेली पाहिजेत. तसे झाले, तर एकाच दशकात मराठीने युद्धाला किती भिन्न उत्तरे दिली हे विद्यार्थ्याला दिसेल, आणि आज एखादी इराणी दिग्दर्शिका फोनच्या पडद्यावर कॅमेरा का रोखते हे समजण्यासाठी त्याला परक्या सिद्धान्ताचा आधार घ्यावा लागणार नाही.