वैद्यकीय संशोधन आणि परदेशाचें सहकार्य

भीमेच्या एका तीरावर शिरूर तालुका, दुसऱ्या तीरावर दौंड. दोन्हीकडील लोकांस ऊंस, ज्वारी, बाजारभाव व पाऊस यांविषयीं जितकें बोलावेंसें वाटतें, तितकें शास्त्राविषयीं वाटत नाहीं. शास्त्र हें दूर कोठें तरी मोठ्या शहरांत, कांचेच्या नळ्यांत चालतें, अशी आपली समजूत असते. ती खरी नाहीं. गेल्या ३० वर्षांत जगाच्या वैद्यकविद्येंत जी भर पडली, तिचा कांहीं भाग शिरूर तालुक्यांतील आयाबायांनीं व लेंकरांनीं दिलेला आहे. म्हणून परकीयांशीं मिळून केलेलें संशोधन हिताचें कीं अहिताचें, हा प्रश्न आपल्या घरचाच आहे.

सन १९९३ मध्यें पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं, इंग्लंडांतील साउदॅम्प्टन येथील डॉ. कॅरोलिन फॉल यांच्या सहकार्यानें, पाबळ, कोरेगांव भीमा वगैरे सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास आरंभिला. द्रव्यसाहाय्य लंडनच्या वेलकम ट्रस्टचें होतें. पूर्ण दिवसांचीं आपलीं बाळें सरासरी २.७ किलो वजनाचीं भरलीं, साउदॅम्प्टनचीं ३.५ किलोंचीं. आपलें बाळ लहान असतें, हें कोणतीही सुईण सांगेल. परंतु दोन्हीकडील बाळें एकाच रीतीनें मोजलीं, तेव्हां असें दिसलें कीं, आपल्या बाळाचे स्नायु कृश असले तरी त्वचेखालील चरबी त्या मानानें फारशी कमी नसते. आपल्या लोकांस मधुमेह लवकर कां गाठतो, याचें एक बीज येथें असावें, असें शास्त्रज्ञांस वाटतें. हें ज्ञान एकट्या पुण्यास मिळालें नसतें, एकट्या साउदॅम्प्टनलाही नाहीं. तुलनेस दोन पारडीं लागतात.

दुसरें उदाहरण वढू बुद्रुकचें. तेथें के. ई. एम.चें रुग्णालय व संशोधनकेंद्र आहे. १९९३ सालीं मॅगसेसे पारितोषिक मिळविणाऱ्या डॉ. बानू कोयाजी यांच्या ग्रामीण कार्याचें तें फळ. तान्ह्या मुलांच्या जुलाबांचें एक मोठें कारण रोटाव्हायरस हा विषाणु होय. त्यावरील लसीचें मूळ दिल्लीच्या नवजात बालकांत १९८५-८६ च्या सुमारास सांपडलें; तें लसीयोग्य करण्यास अमेरिकेंतील प्रयोगशाळांनीं साहाय्य केलें; हैदराबादच्या भारत बायोटेक कंपनीनें लस तयार केली; आणि २०११ पासून दिल्ली, वेल्लोर व वढूचा परिसर येथील मिळून ६,७९९ बालकांच्या साहाय्यानें तिची परीक्षा झाली. या विषाणूच्या तीव्र जुलाबांचें प्रमाण लसीमुळें निम्म्याहून अधिक घटलें. सन २०१६ पासून ती सरकारी लसीकरणांत येऊं लागली. या साखळीची एक कडी जरी तुटती, तरी लस झाली नसती.

इतकें असूनही जे शंका घेतात, त्यांस अडाणी म्हणून हिणविणें मला मान्य नाहीं. ज्याचा पैसा त्याचा प्रश्न, असें होण्याचें भय नेहमीं असतें. परदेशचें द्रव्य परदेशास महत्त्वाच्या वाटणाऱ्या रोगांकडेच वळलें, तर सर्पदंशासारखें आपल्या शेतकऱ्याचें दुखणें मागें राहील. रक्ताचे नमुने कोठें जातात, शोधाचें श्रेय कोणास, औषध निघाल्यास गरिबास तें कोणत्या किंमतीस मिळणार, हेही प्रश्न रास्तच आहेत.

परंतु सर्वांत अवघड गोष्ट संमतीची. सन २००९ मध्यें आंध्रांतील खम्मम व गुजराथेंतील वडोदरा या जिल्ह्यांत, एका अमेरिकी संस्थेच्या पुढाकारानें, १० ते १४ वर्षांच्या मुलींस गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस देण्याचा अभ्यास सुरू झाला. कांहीं मुलींच्या मृत्यूनंतर २०१० सालीं तो थांबविण्यांत आला. चौकशींत मृत्यूंचा संबंध लसीशीं दिसला नाहीं, आणि तीच लस आज अनेक देशांत दिली जाते. मात्र आंध्रांत कित्येक संमतिपत्रांवर आईबापांच्या ऐवजीं वसतिगृहाच्या वा शाळेच्या प्रमुखांनीं सह्या केल्याचें आढळलें. औषध चांगलें, पण रीत चुकली. आणि रीत चुकली कीं चांगल्या औषधावरचाही विश्वास उडतो. मुलांस वसतिगृहांत ठेवणाऱ्या पालकांनीं ही गोष्ट विसरूं नये.

आपल्या देशांत यासाठीं नियम आहेत. परदेशाच्या सहभागाचें संशोधन केंद्रीय आरोग्यखात्याच्या छाननी समितीपुढें जावें लागतें. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणें नीतिसमितींत एक सामान्य नागरिकही असावा लागतो. आणि सात वर्षांवरील मुलाची, पालकांच्या संमतीबरोबरच, स्वतःचीही अनुमति घ्यावी लागते. विद्यार्थिमित्रांनो, हा तुमचा अधिकार आहे. पण नियम कागदावर असतो. त्यास जिवंत करणारा माणूस गांवांत असावा लागतो. हें कशासाठीं? यांत धोका कोणता? मध्येंच नको म्हटलें तर चालेल ना? निष्कर्ष आम्हांस कोण सांगणार? हे चार प्रश्न विचारण्यास संकोच कसला? ज्या आईस वाचतां येत नाहीं, तिला संमतिपत्र तिच्या मुलानें वाचून दाखवावें. शाळेंत शिकल्याचें तेवढें तरी चीज होईल.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट या शाळेंत सर्वांस ठाऊक आहे. तो परका होता. पण जखमा बांधून तेवढ्यावर थांबला नाहीं, परत येऊन राहिलेला खर्च देण्याचें वचनही त्यानें दिलें. संशोधनास येणाऱ्या परक्यास हीच कसोटी लावावी. पाबळच्या बाळांकडे संशोधक परत आले. तीं वयांत येऊं लागल्यावर, २०१२ पासून, त्यांनाच बी-१२ जीवनसत्त्व देऊन त्यांच्या पुढच्या पिढीचें आरोग्य सुधारतें काय, हें पाहण्याचें काम सुरू झालें. असें सहकार्य परक्याचें म्हणून नाकारूं नये, आणि परक्याचें म्हणून डोळे मिटून स्वीकारूंही नये. आजवर आपल्या तालुक्यांतील मुलें मोजलीं गेलीं. यापुढें मोजणाऱ्यांतही शिरूर-दौंडचीं मुलें असावींत, हीच माझी इच्छा.